पोराला ‘बसवण्या’आधी शेजारी बसा

दोन-अडीच वर्षांच्या पोरांना रोज चित्रकार्डं घेऊन एका जागी बसवा, म्हणजे एकाग्रता वाढते, असं पालकांसाठीच्या एका लेखात म्हटलंय. पटलं नाही. या वयात लक्ष टिकवणं हे एकट्या पोराचं काम नसतंच. अमेरिकेच्या इंडियाना विद्यापीठातल्या चेन यू आणि लिंडा स्मिथ यांनी २०१६ साली वर्षभराच्या बाळांच्या आणि पालकांच्या नजरा टिपल्या होत्या. बाळ बघतंय त्याच खेळण्याकडे पालकानंही बघितलं की बाळ त्यात जास्त वेळ रमतं, अगदी पालकाची नजर हटल्यावरही.

आमच्या सोलापुरात पूर्व भागात घरोघरी विड्या वळतात. शेजारच्या आजी तंबाखूच्या सुपापासून नातीला लांब बसवतात, हातात डबे नि झाकणं देतात. अधूनमधून मान वर करून विचारतात, “बसलं का गं?” पोरगी पुन्हा खटपटीला लागते. झाकण बसेना म्हणून तिनं डबा भिरकावला तर आजी आधी मांडीवर घेतात, “चिडलीस व्हय?” म्हणतात, आणि हुंदके थांबल्यावरच डबा परत देतात. रडणाऱ्या पोराला शिकवायला जाण्यात अर्थ नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

मोबाईलनं रडं थांबतं, पण शांत व्हायला पोर शिकत नाही. दोन वर्षांच्या पोरांना स्क्रीन दिवसाला तासाभराच्या आत, त्याआधी नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलंय. मे महिन्यातल्या इथल्या दुपारी ते पाळणं अवघड, हे मान्य.

आणि लेखातल्या सगळ्या सूचना आईलाच का? बाप कुठं गेला?