नवोदयचा फॉर्म

आमचं पोरगं हुशार आहे हा शोध शाळेनं लावलेला नाही, त्याच्या मामानं लावला. पोळ्याला आला आणि जेवता जेवता म्हणाला, "भाऊजी, याले नवोदयले टाका. पोट्टं लय चलाख हाय." पुरावा काय, तर टीव्हीचा रिमोट कुठंही दडवा, त्याला सापडतो.

अमरावती जिल्ह्यात नवोदयचं नाव काढलं की माणसं सावरून बसतात. १९८५-८६ मध्ये देशात पहिली दोनच नवोदय विद्यालयं निघाली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आमच्या अमरावतीला. राहणं, जेवण, पुस्तकं सगळं सरकारचं. सहावीला जागा ८०, त्यातल्या किमान ७५ टक्के खेड्यातल्या पोरांच्या. म्हणजे डांबरी रस्ता नसण्याचा जन्मात कुठं उपयोग होणार असेल, तर तो इथंच. मात्र परीक्षा एकदाच देता येते. आमच्या वेळी दहावीत गचकलेल्याला ऑक्टोबर तरी मिळायचा. या दहा वर्षांच्या जिवाला तोही नाही.

पुढच्या साली ऐन डवरणीत फॉर्म निघाला. हेडमास्तरांचा सही-शिक्क्याचा दाखला मिळाला, आणि गाडी सेतू केंद्रात येऊन अडली. फोटो शंभर केबीच्या आत पाहिजे होता. सेतूवाला केबी कमी करत गेला, तसे आधी पोराचे कान गेले, मग शर्टाच्या चौकड्या गेल्या. शेवटी जे उरलं ते आमच्या घरातलंच आहे, असं मी मान्य केलं.

नंतर विद्यार्थ्याची सही.

"सही म्हणजे काय?" पोरानं विचारलं.

"आपलं नाव. पण भरभर, जरा वाकडंतिकडं."

चार वर्षं ज्याला सरळ लिही म्हणून छड्या दाखवल्या, त्यानं माझ्याकडे संशयानं पाहिलं. दप्तरातून पट्टी काढली, रेघ मारली आणि जीभ बाहेर काढून बापाच्या नावासकट पूर्ण नाव लिहिलं. वेलांट्या कशा, कोरून काढल्यासारख्या. सेतूवाला म्हणाला, "दादा, हे सही नाही, हे शुद्धलेखन झालं." मग नमुना म्हणून मी माझी केली. पोरगं कागद उलटासुलटा करून म्हणालं, "बाबा, यात तुमचं नाव कुठी हाय?" रांगेतले लोक हसले. शुद्धलेखनच अपलोड झालं.

अभ्यासाला बसल्यावर कळलं की दोन तासांत ८० प्रश्न आणि १०० गुण, त्यातले ४० प्रश्न नुसते आकृत्यांचे. गणित आणि भाषेचं मी कसंतरी निभावलं. आकृत्यांत मात्र एक कागद असतो. त्याला घड्या घालतात, भोक पाडतात, आणि उलगडल्यावर तो कसा दिसेल ते विचारतात. असला उद्योग कोण, कशासाठी करतो, हे पुस्तकात दिलेलं नाही. मी कृषी केंद्राचं बिल घेतलं, घडी घातली, दाभणानं भोक पाडलं. उलगडलं तर फवारणीचं औषध गेलं, युरिया गेला, उधारीचा आकडा तेवढा शाबूत.

चुलीपासून आई म्हणाली, "काहून कागद फाडून रायला बे? वरच्या कोपऱ्यात दोन, खालच्या कोपऱ्यात दोन. इतलंही दिसत नाही?" उत्तरसूचीत तेच होतं. मग आरशातली आकृती दाखवली, तीही बरोबर. जन्मभर ठिपक्यांची रांगोळी घातलेल्या बाईला यात काय अवघड? बायको म्हणाली, "आत्याबाईंचाच फॉर्म भरायचा होता." पण वयाची अट आडवी येते.

आईचा उत्साह मामानंच घालवला. फुशारकीनं सांगून बसला, की नववीत काही पोरं वर्षभर दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयात पाठवतात. "म्हंजे एकदा घरून नेता, अन् मंग तिथूनही नेता?" ती उठून आत गेली. त्या दिवसापासून पोरगं पुस्तक उघडलं की समोर काहीतरी वाफाळतं यायचं. तुरीच्या ओल्या शेंगा, रोडगे, वांग्याची भाजी. भरल्या पोटी झोपच येते, हे तिला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

परीक्षा हिवाळ्यात, कापूस वेचणीच्या धांदलीत. तालुक्याच्या केंद्राबाहेर बाप लोक झाडाखाली उभे राहून, न पाहिलेला पेपर यंदा अवघड आहे असं एकमेकांना सांगत होते. दीड वाजता आमचं ध्यान बोटाला शाई लावून बाहेर आलं.

"किती सोडवले?"

"सबन."

"सगळे आले?"

"नाही. पण चुकले तरी मार्क कापत नाही ना, मंग गोल रिकामे ठेवाचे कायले?"

घरी आल्यावर आईला म्हटलं, पास झाला तर मारोतीला नारळ बोललोय. ती तूर पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "म्याही बोलली हावो. नाही झाला तर." मी बघतच राहिलो. ती म्हणाली, "तुहं झालं तं तू फोड, माहं झालं तं मी. मारोतीचं नुकसान नाही होत."