तांब्याच्या लोट्याने केमो सुटत नाही

चार दिवस झाले, आधी सोसायटीच्या, मग लालबागच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. केमोतलं प्लॅटिनम विष आहे, ते डीएनए जाळतं, त्यापेक्षा तांब्याच्या लोट्यातलं पाणी प्या, तांबं डीएनएला चिकटतं आणि गाठ विरघळते, लॅबमध्ये सिद्ध झालंय पण कंपन्या लपवतात. माझ्या आत्याला गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, भांडुपहून लोकलने परळला रेडिएशनला जाते, सोबत दर आठवड्याला सिसप्लॅटिन, म्हणजे मेसेजमधलं तेच प्लॅटिनमचं केमो. परवा मोबाइल पुढे धरून म्हणाली, "अगं, पुढचा डोस नको घेऊ का?" म्हणून लिहितेय. मी इनऑर्गॅनिक केमिस्ट्रीमध्ये एमएस्सी केलंय, असली धातूची संयुगं स्वतः बनवलीयत.

आधी विषाचं. औषध जहाल आहेच. मळमळ, किडनीला त्रास, कानात आवाज, निरोगी पेशींनाही मार, सगळं खरं. बहुतेक प्लॅटिनम लघवीवाटे जातं, थोडा अंश वर्षानुवर्षं राहतो, हेही खरं. पण म्हणून नुसता धातू टोचतात असं नाही हो! सिसप्लॅटिनमध्ये प्लॅटिनमभोवती चौकोनात दोन अमोनिया आणि दोन क्लोरीन असतात, क्लोरीन शेजारी-शेजारी. तेच क्लोरीन समोरासमोर नेले की ट्रान्सप्लॅटिन होतं आणि ते कॅन्सरवर चालत नाही. अणू तेच, नग तेवढेच, फक्त जागा बदलली. कारण डीएनएच्या एका धाग्यावरचे लागून असलेले दोन ग्वानिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) एकदम पकडायचे तर हातही, म्हणजे क्लोरीनच्या जागाही, शेजारीच लागतात. पकडले की डीएनए तिथे वाकतो, पेशीला त्याची कॉपी करता येत नाही, दुरुस्ती जमली नाही की ती मरते.

आत्याच्या स्टँडला लटकलेली सलाइनची बाटली बघा. औषध मिठाच्या पाण्यातच देतात, कारण भोवती मिठातलं क्लोराइड भरपूर असलं की औषधाचे क्लोरीन सहजी सुटत नाहीत. रक्तातही क्लोराइड भरपूर असतं, म्हणून तिथेही बऱ्यापैकी टिकतं. पेशीच्या आत मात्र ते खूपच कमी, मग क्लोरीन सुटतो, त्याच्या जागी पाणी येतं आणि तेव्हा कुठे ते डीएनए धरायला तयार होतं.

आता तांबं. हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त धोक्याचं वाटतं मला. तांबं आणि फिनँथ्रोलीन नावाच्या सेंद्रिय रेणूचं संयुग डीएनए तोडतं हे १९७९ पासून माहीत आहे, मी स्वतः जेल चालवून (जेलीत डीएनए आकाराप्रमाणे वेगळा करतात ते) यूव्हीखाली पाहिलंय, प्लास्मिडचा, म्हणजे बॅक्टेरियातल्या छोट्या गोल डीएनएचा, खालचा पट्टा फिका होत गेला आणि वरचा ठळक, म्हणजे गोल डीएनएला चीर गेली. पण ती टेस्ट ट्यूब होती, तांब्याला फिनँथ्रोलीन मी जोडलेलं, वर रिड्यूसिंग एजंटही (तांब्याला इलेक्ट्रॉन देणारं रसायन) मीच टाकलेला. लोट्यातलं तांबं पोटात गेलं की लिव्हर त्याचा ताबा घेते, पेशीत त्याला हाताला धरून नेणारी प्रोटीन्स असतात, मोकळं तांबं तिथे जवळजवळ नसतंच. मग ते नेमकं गाठीतल्याच डीएनएला जाऊन चिकटेल कुठून?

आणि लपवतं कोण? अमेरिकन शास्त्रज्ञ रोझेनबर्गना १९६५ मध्ये बॅक्टेरियावर प्लॅटिनमचा परिणाम दिसला, १९७८ ला अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली, तेव्हापासून सगळं छापून आलंय. तांब्याची संयुगंही मेक्सिकोत माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत गेलीत, तीही मुद्दाम घडवलेली, लोट्यातली नाहीत.

आत्याला सांगितलंय, गुरुवारचा डोस चुकवू नको, किडनीचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखव आणि कानात आवाज येतोय तेही लाजू नको, सांग.