ताई, मांडवावरून संसार कळत नाही हे मान्य, पण...

ताई (वय माहीत नाही, पण प्रतिक्रियेतला धाक बघून ताईच म्हणतोय), एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आधी आभार, नाहीतर इथे लोक "छान लेख" एवढं टाकून पळतात. ज्यांनी ताईंची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी कुणाला मिळायला हवी होती यावर मी लिहिलं होतं, हिलरी क्लिंटन, ओबामा आणि जॉन एडवर्ड्स अशा तिघांना तोललं आणि पारडं ओबामाकडे झुकवलं. कारणं दोन दिली, त्याने कॅम्पेन फार हुशारीने चालवली आणि इराक युद्धाला तो सुरुवातीपासून विरोधात होता. ताई म्हणतात, मांडव झकास सजला म्हणून संसार चांगला होतो का. दुसरं, ते इराकविरोधी भाषण त्याला फुकटात पडलं. तिसरं, बाईने तयारी केली की ती "थंड" आणि पुरुषाने भाषण ठोकलं की तो "द्रष्टा", म्हणजे तुमचा तराजूच खोटा. आणि जाता जाता टोमणा, की तेव्हा तुम्हाला मताचा अधिकार तरी होता का.

टोमण्यापासून सुरू करतो कारण तो सोपा आहे. नव्हता. एचवनबी व्हिसावर होतो, न्यू जर्सीत एडिसनला दोन मित्रांबरोबर राहायचो, आणि मताचा अधिकार नसलेली माणसं जेवढा वेळ टीव्हीसमोर घालवतात तेवढा तो असलेले नाही घालवत हा माझा तेव्हापासूनचा अनुभव आहे. शेजारच्या मावशी सिटिझन होत्या, त्यांनी हिलरीला मत दिलं आणि आम्हाला चहा दिला.

आता मांडव. ५ फेब्रुवारी २००८, सुपर ट्यूसडे, म्हणजे बऱ्याच राज्यांत एकदम मतदान होतं तो मंगळवार. आमच्या न्यू जर्सीत डेमोक्रॅटिक प्रायमरीला (पक्षाचा उमेदवार ठरवायचं मतदान) अकरा लाखांवर मतं पडली, हिलरी लाखभर मतांनी जिंकली, मावशी खूश. पण डेमोक्रॅटिक पक्षात डेलिगेट, म्हणजे शेवटी उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, मतांच्या प्रमाणात वाटतात ना, त्यामुळे तिला ५९ आणि ओबामाला ४८, म्हणजे एवढा खटाटोप करून हाती लागले ११ जास्तीचे. त्याच दिवशी तिकडे इडाहोत, जिथे डेमोक्रॅट औषधालाही सापडत नाहीत असं म्हणतात, कॉकसला (मतपेटीऐवजी सभेला जमून निवड करायची पद्धत) जेमतेम एकवीस हजार माणसं आली, त्यातल्या जवळपास ८० टक्क्यांनी ओबामाला निवडलं आणि डेलिगेट १५ विरुद्ध ३, म्हणजे १२ जास्तीचे. न्यू जर्सीची सगळी कमाई इडाहोच्या एका संध्याकाळने खाऊन वर एक उरला. मला त्या रात्री हे कळलंच नव्हतं, आम्ही सगळे मोठी राज्यं कुणी घेतली ते मोजत बसलो होतो, टीव्हीवालेही बरेचसे तेच करत होते. दोन-चार दिवसांनी एका मित्राने कागदावर बेरीज मांडून दाखवली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की हा माणूस वेगळीच परीक्षा देतोय.

म्हणजे माझा मुद्दा "झकास सजावट" असा नव्हताच ताई. ओबामाची भाषणं मलाही थोड्या वेळाने तीच तीच वाटायची. मुद्दा हा की नियम दोघांनाही सारखेच छापून मिळाले होते, ते एकाने शेवटच्या पानापर्यंत वाचले आणि दुसरीने धरलं की ५ फेब्रुवारीला सगळं मिटेल, पुढचे पैसेच शिल्लक ठेवले नाहीत, स्वतःच्या पदरचे ५० लाख डॉलर कॅम्पेनला उसने द्यावे लागले, आणि हे तेव्हा जेव्हा समोरच्याने एकट्या जानेवारीत ३.२ कोटी उभे केले होते. आपल्याकडे तिकीट श्रेष्ठींच्या दारात ठरतं, त्यामुळे आपल्याला सवय आहे उमेदवाराचं घराणं, जात, भाषण बघायची. इथे तिकीट मिळवणं हीच दीड वर्षाची नोकरी असते, हजारो माणसं, कोट्यवधी डॉलर, पन्नास राज्यांचे पन्नास नियम. दीड वर्ष नोकरी करताना माणूस दिसतोय तर ते बघायचं नाही का?

कॉकस अन्यायकारक असतात हे तुमचं बरोबरच आहे. संध्याकाळी ठरलेल्या वेळी जाऊन तासन् तास उभं राहायचं, नाइट शिफ्टवाली नर्स आणि घरी लहान मूल असलेली आई तिथे कशी जाणार, आणि नेमक्या त्याच हिलरीच्या मतदार. पण ते नियमाविरुद्ध भांडण झालं, नियम वाचणाऱ्याविरुद्ध नाही. आणि "एकूण मतं हिलरीलाच जास्त" हे जे लिहिलंत ते मिशिगन धरलं तरच. मिशिगनने पक्षाचं न ऐकता प्रायमरीची तारीख आधी घेतली, म्हणून ओबामा आणि एडवर्ड्सनी बॅलटवरून नावं काढली, हिलरीने ठेवली आणि ५५ टक्के मिळवली, ४० टक्के लोकांनी "कुणालाच नाही" असं मत दिलं. ज्या शर्यतीत दुसरा पळालाच नाही त्यातली मतं कशी धरायची?

पण तुमच्या बाजूने एक गोष्ट मीच देतो, तुम्हाला सुचली नाही याचं आश्चर्य वाटलं. १ ऑक्टोबर २०१३. ज्या माणसाची कॅम्पेन म्हणजे इंटरनेटचा चमत्कार म्हणून आम्ही ऑफिसात डोक्यावर घेतली होती, त्याच्याच सरकारची आरोग्य विम्याची वेबसाइट पहिल्या दिवशी अशी कोसळली की चोवीस तासांत सहा, फक्त सहा जणांची नोंदणी झाली. मी आयटीवाला माणूस, मला त्या आठवड्यात लंचला तोंड दाखवायला जागा नव्हती. तर मांडव आणि संसार वेगळे, घ्या, पन्नास टक्के मार्क तुमचे.

आणि विम्याचं निघालंच आहे तर. हिलरीचं म्हणणं होतं विमा प्रत्येकाला सक्तीचा करा नाहीतर गणित बसत नाही. ओबामा म्हणायचा सक्ती फक्त मुलांपुरती, आणि तिच्या योजनेवर टीका करणारी पत्रकं त्याने ओहायोत वाटली, त्यावर ती भर पत्रकारांसमोर हात वर करून म्हणाली होती की शरम वाटली पाहिजे तुला. दोन वर्षांनी, मार्च २०१० मध्ये, त्याने सही केली त्या कायद्यात सक्ती होतीच! म्हणजे धोरणात ती बरोबर होती. पण ताई, यातूनच माझी जुनी शंका आणखी पक्की होते, उमेदवारांचे धोरणाचे कागद समोरासमोर ठेवून मार्क देण्यात फारसा अर्थ नाही, तेव्हा मी रात्री बसून एक्सेलमध्ये दोन्ही योजना मांडल्या होत्या, ओबामाचा जो रकाना भरला तो त्यानेच पुढे पुसून टाकला.

इराकवर मात्र मी तेवढा मागे हटत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला असं तुम्ही म्हणता, की तो इलिनॉय राज्याच्या सिनेटमध्ये होता, मतदारसंघ शिकागोच्या हाइड पार्कचा, तिथे युद्धाविरुद्ध बोलायला काय लागतं. अर्धं खरं. सिनेटर झाल्यावर युद्धाच्या खर्चाला तोही पहिली दोनेक वर्षं हो म्हणत होता, हे मी लेखात लिहायला हवं होतं. पण ऑक्टोबर २००२ मध्ये तो देशाच्या सिनेटची निवडणूक लढवायच्या तयारीत होता, त्याला सबंध इलिनॉयची मतं लागणार होती, आणि त्या महिन्यात युद्धाविरुद्ध बोललेलं पुढे चिकटणार हे कळण्याइतका तो हुशार होता. हिलरीने ११ ऑक्टोबरला सिनेटमध्ये युद्धाच्या बाजूने मत दिलं, ठीक आहे, ७७ जणांनी दिलं. पण तुम्ही तिची तयारी तयारी म्हणता ना, त्या मताआधी सिनेटरांसाठी इराकवरचा नव्वदेक पानांचा गुप्त अहवाल ठेवला होता, तो तिने स्वतः वाचला नव्हता, मला ब्रीफिंग मिळालं होतं असं तिचं उत्तर. कुठल्याही समितीचे कागद रात्रभर वाचणारी बाई, आणि नेमका हाच वाचायचा राहिला? हे मला आजही खटकतं. तिच्या बोस्निया भेटीचं (गोळीबारात उतरलो म्हणाली आणि व्हिडिओत एक छोटी मुलगी कविता वाचताना निघाली) मी फार मनावर घेत नाही, माणसं आपल्या आठवणी फुगवतात, माझे काका पानशेतच्या पुराची गोष्ट दर दिवाळीला फूटभर वाढवायचे.

तिसरा मुद्दा. इथे मला बचाव नाही. लेख पुन्हा काढून वाचला, हिलरीसाठी मी "यंत्रासारखी" हा शब्द दोनदा वापरलाय आणि ओबामासाठी "थंड डोक्याचा". गुण तोच, शब्द बघा. न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीच्या आदल्या दिवशी तिच्या सभेत दोन टोळभैरव "माझा शर्ट इस्त्री कर" म्हणून ओरडले, त्याच दिवशी कॅफेत तिचा आवाज किंचित कापरा झाला तर चॅनलवाले दिवसभर ते खरं की नाटक यावर चर्चा करत होते, आणि आमच्या हॉलमध्ये तिन्ही पोरं तीच चर्चा करत होती, त्यात मीही. दुसऱ्या दिवशी ती जिंकली तेव्हा मावशी काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या.

आणि आपल्या लोकांत ओबामाची लाट होती म्हणून मी वाहवलो असं म्हणताय ते चूक. २००७ मध्ये त्याच्याच माणसांनी काढलेल्या कागदावर हिलरीला पंजाबची सिनेटर म्हणून हिणवलं होतं, तिचे भारतीय देणगीदार आणि आउटसोर्सिंग यावरून. त्याने नंतर ती मूर्खपणाची चूक मान्य केली, पण एडिसनच्या ओक ट्री रोडवर, आपल्या लोकांच्या बाजारात, ते बरेच दिवस निघत होतं आणि मलाही झोंबलं होतं.

तर मूळ लेखात "यंत्रासारखी" काढलंय, युद्धाच्या खर्चाची ओळ आणि २०१३ ची वेबसाइट घातलीय. निकाल बदलला नाही, फरक मात्र पूर्वी दहा मार्कांचा होता तो आता दोनचा राहिलाय. एडवर्ड्सबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत, मोठं मन तुमचं. सगळ्यात आधी विम्याची पूर्ण योजना त्याने आणली म्हणून मी त्याला "तिघांतला सगळ्यात सरळ माणूस" लिहून बसलो होतो, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने बायकोला फसवल्याचं टीव्हीवर कबूल केलं. ते वाक्य काढत नाहीये. राहू दे तिथे.