'पोलीस अकादमी'चा सातवा भाग कोणी पाहिलाय का?

नव्वदच्या दशकात केबलवर 'पोलीस अकादमी' या अमेरिकी विनोदी सिनेमालिकेतला एखादा भाग लागला की दुसऱ्या दिवशी शाळेत निम्मी पोरं जोन्ससारखे तोंडाने आवाज काढत फिरायची. जोन्स झालेला मायकल विन्सलो म्हणजे आमचा देव. पण 'मिशन टू मॉस्को' (१९९४) हा शेवटचा भाग कुणाला आठवत नाही. कसा आठवेल? पहिल्या भागाने अमेरिकेत ८ कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला होता, याने जेमतेम सव्वा लाख.

लोक म्हणतात, मालिका फार ताणली. खरंय, १९८४ ते ८९ दरवर्षी एक भाग म्हणजे गिरणीच झाली. पण माझ्या मते ही मंडळी अकादमीतून पास झाली, तिथेच खरी गंमत संपली होती. पहिल्या भागात महापौरबाई उंची, वजन, शिक्षण सगळ्या अटी काढून भरती खुली करतात आणि वरचे अधिकारी या गाळाला हाकलायला टपलेले असतात. नायक महोनी तर तुरुंग नको म्हणून आलेला. हसू यायचं ते या झटापटीचं. सातव्या भागात हेच लोक मॉस्कोला तज्ज्ञ म्हणून जातात! आता त्यांना हाकलणार कोण? (महोनी तर चौथ्या भागानंतरच गायब.)

आणि मॉस्को तरी कुठलं? १९९३ च्या ऑक्टोबरात तिथे रणगाड्यांनी संसदेच्या इमारतीवर तोफा डागल्या. चित्रीकरण त्याच वर्षीचं. अख्खा देश उलटापालटा होतोय आणि आपला सिनेमा कशाच्या मागे, तर व्हिडिओ गेममधून जगभरचे कॉम्प्युटर ताब्यात घेऊ पाहणाऱ्या माफियाच्या. ख्रिस्तोफर ली रशियन पोलीसप्रमुख होऊन इतका गंभीर उभा राहतो, की त्याला बहुधा दुसऱ्याच सिनेमाची पटकथा दिली असावी.

एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. अकादमीचा विसराळू कमांडंट लसार्ड मॉस्कोत चुकून भलत्याच रशियन कुटुंबात जाऊन पडतो आणि मजेत राहतो. कोणी कोणाला ओळखत नाही, तरी सगळ्यांचं छान चाललंय. लसार्ड झालेल्या जॉर्ज गेन्सचा जन्म १९१७ सालचा, हेलसिंकीचा. तेव्हा फिनलंड रशियाच्या ताब्यात होतं, आणि त्याची आई रशियन. पंचाहत्तरी उलटल्यावर हा माणूस आईच्या देशात येतो तो असा, चुकीच्या घरात पाहुणा म्हणून! सगळा सिनेमा या घरातच घडवला असता तर मी आज वेगळी पोस्ट लिहिली असती.

बाकी भाग सोडून द्या. लसार्डचे प्रसंग तेवढे शोधून बघा. आणि पहिला भाग पुन्हा लावणार असाल तर पोरं झोपल्यावर लावा, केबलवाल्यांनी आपल्यापासून बरंच कापून ठेवलं होतं.