रायगड : ‘वर रोपवे, खाली पायऱ्या’ या सल्ल्याविषयी

स. न. वि. वि.

रायगडावरच्या लेखात ‘रोपवेने वर जावे, पायऱ्यांनी उतरावे; तीन तास पुरतात’ असे मी लिहिले होते. त्यानुसार आपण 62 वर्षांच्या वडिलांना घेऊन गेलात, उतरताना महादरवाजा ओलांडल्यावर त्यांचे गुडघे बोलू लागले, पायथ्याच्या चित दरवाजाशी पोहोचेपर्यंत अंधारले आणि गडावरच्या जगदीश्वराच्या देवळाचे दर्शन तर राहूनच गेले. ‘असले सल्ले देण्याआधी एखाद्या वयस्कर माणसाला स्वतः उतरवून पाहा’, हे आपले वाक्य मला लागले, कारण त्यात तथ्य आहे. मी आजवर तो गड उतरलो तो माझ्याच वयाच्या मित्रांबरोबर.

पहिली चूक सरळ मान्य करतो. चढताना दम लागतो, पण घटकाभर टेकले की तो ओसरतो. उतरताना मात्र पावलागणिक अंगाचा भार गुडघ्यावर आदळतो आणि बसून राहिल्याने त्या दुखण्याला उतार पडत नाही. त्यात या वाटेवरच्या पायऱ्या पंधराशेच्या आसपास, आणि त्यांची उंचीही एकसारखी नाही. म्हणून सल्ला उलटा हवा होता : ज्यांचे हृदय आणि श्वास ठणठणीत आहे, पण गुडघे कुरकुरतात, त्यांनी उन्हे चढण्याआधी हळूहळू पायऱ्या चढाव्यात आणि उतरताना रोपवे घ्यावा. ज्यांना चढणेही झेपणार नाही, त्यांनी दोन्ही वेळा रोपवेनेच जावे, त्यात कमीपणा कसला? आणखी एक गोष्ट लिहायची राहिली होती. रोपवे हिरकणीवाडीतून सुटतो आणि पायऱ्या चित दरवाजापाशी सुरू होतात, तेव्हा गाडी एकीकडे आणि आपण दुसरीकडे असे होते. ड्रायव्हर सोबत नसेल, तर याचा विचार निघतानाच करावा.

पायऱ्यांचा आग्रह मी का धरला, तेही सांगतो, कारण तो आग्रह मी सोडलेला नाही. रोपवेने जाणाऱ्याला महादरवाजा दिसतच नाही. खालून येताना दोन प्रचंड बुरूज समोर दिसतात, पण दरवाजा त्यांच्या आडोशाला असा वळवून बसवला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत वाट कुठे शिरते ते कळत नाही. आत गेल्यावर पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत. गड अवघड का होता, हे त्या वळणावर उभे राहिले की आपोआप कळते.

आता तीन तासांविषयी. रोपवे आपल्याला मेणा दरवाजाजवळ सोडतो, म्हणजे आपण गडात शिरतो ते राणीवशाच्या बाजूने, एखाद्या वाड्यात परसदारातून शिरावे तसे. मग राणीमहाल, राजवाडा, सिंहासनाच्या जागेवरची मेघडंबरी असे पाहत, फोटो काढत आपण रेंगाळतो. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, त्या आगीत लाकूडकाम गेले. आज पाहायला उरली आहेत ती मुख्यतः जोती, आणि त्यांच्यापुढे उभे राहून माणूस कल्पना करत बसतो. वेळ जातो तो इथेच. जगदीश्वर मात्र दुसऱ्या टोकाला आहे, आणि तिथे जाण्याची वेळ येते तेव्हा परतीची घाई सुरू झालेली असते. आपलेही नेमके हेच झाले असावे.

म्हणून क्रम बदलावा. वर पोहोचताच राजवाड्यात न रमता, होळीचा माळ आणि बाजारपेठ ओलांडून आधी जगदीश्वर गाठावे. (बाजारपेठेत घोड्यावर बसूनच खरेदी होत असे, हे गाईड रंगवून सांगतात, जोती उंच आहेत एवढे खरे, बाकीचे गोष्ट म्हणून ऐकावे.) देवळात शिरताना पायरीकडे लक्ष ठेवावे. ‘सेवेचे ठायी तत्पर’ या शब्दांनी सुरू होणारा, गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचा छोटा लेख तिथे कोरलेला आहे आणि दर्शनाच्या घाईत बहुतेक जण तो ओलांडून जातात. शिवाजी महाराजांची समाधी देवळाजवळच आहे. तिथून परतताना आपण होळीच्या माळावरून नगारखान्यातून राजसभेत येतो, आणि मग सिंहासनाची जागा दोनशेहून अधिक फुटांवर थेट समोर दिसते. 6 जून 1674 रोजी, राज्याभिषेकाच्या दिवशी, दरबारात येणाऱ्यांना ती जशी समोर दिसली असेल, तशी, पाठीमागून नव्हे. वडिलांना नगारखान्यापाशी उभे करून आपण सिंहासनाच्या बाजूने हलक्या आवाजात बोलून पाहावे, माणसांची गर्दी नसेल तर शब्द ऐकू येतात.

एवढ्याला पाच तास धरावेत, आणि रोपवेची शेवटची फेरी किती वाजता आहे ते वर जाण्यापूर्वीच तिकीट खिडकीवर विचारून घ्यावे. टकमक टोक जोडायचे असेल तर आणखी तासभर हवा. तिथे वाऱ्याने टोपी उडते, आणि माकडे हातातली पिशवी सोडत नाहीत.

मूळ लेखातील ती दोन वाक्ये आजच खोडली आहेत आणि ती का खोडली, तेही तिथे लिहिले आहे. वडिलांच्या गुडघ्यांना आता कसे आहे, ते अवश्य कळवावे.