टाऊन हॉल पाडा, पण चौकातली जागा सोडू नका

आमच्या नगरपालिकेचं कार्यालय आणि सभागृह असलेला जुना टाऊन हॉल पाडायला माझा विरोध नाही. हे आधीच लिहिते, कारण गावातल्या ग्रुपवर मला विकासाच्या आड येणारी ठरवून झालंय. ती इमारत आता बसण्या-उठण्याच्या लायकीची राहिलेली नाही. खाली निजामाच्या काळातलं दगड-चुन्याचं बांधकाम, त्यावर नगरपालिकेनं पुढे चढवलेला सिमेंटचा मजला, पावसाळ्यात कर विभागाच्या कपाटांवर ताडपत्री. बायकांसाठी एक धड स्वच्छतागृह नाही. पायऱ्या इतक्या उंच की म्हातारी माणसं खाली थांबतात आणि नातवाच्या हाती कागद देऊन त्याला वर पाठवतात. सार्वजनिक इमारतीत दिव्यांगांना सहज जाता आलंच पाहिजे, असं 2016 चा कायदा सांगतो. आमच्याकडं साधा रॅम्प नाही.

आणि जुन्या भिंतींची भीती लातूर-धाराशिवच्या माणसाला कुणी शिकवायची गरज नाही. 30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जन करून लोक झोपलेले, पहाटेचे चार वाजायचे होते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं माळवद अंगावर येऊन किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत हजारो माणसं गेली. तोवर हा भाग भूकंपाच्या नकाशावर सगळ्यांत कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होता, तो तिसऱ्यात आला 2002 साली. त्यामुळे ‘वारसा आहे, हात लावू नका’ म्हणणाऱ्यांच्या बाजूनं मी उभी राहू शकत नाही. खाली माणसं काम करतात.

माझं भांडण आहे ते नवीन इमारत कुठे होणार आणि तिच्यात कोण बसणार, यावर. सध्या जे ठरवायलेत ते असं, की प्रशासकीय इमारत बायपासला, नव्या प्लॉटिंगच्या पलीकडे न्यायची आणि चौकातली जुनी जागा बीओटीवर, म्हणजे ठेकेदारानं बांधून काही वर्षं चालवायचं आणि मग परत द्यायचं या बोलीवर, व्यापारी संकुलाला द्यायची. सभागृहाचं काय, तर नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मीटिंग हॉल. म्हणजे आपलं, लोकांचं म्हणून जे होतं, तेवढंच नेमकं गेलं.

2016 च्या टंचाईत मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी यायचं, ते दिवस आठवा. आमच्याकडं टँकरचं वेळापत्रक टाऊन हॉलच्या दारावर चिकटवलेलं असायचं. टँकर चुकला की गल्लीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन पायी तिथं जायच्या. दहा मिनिटांची वाट. मुख्याधिकाऱ्यांना खिडकीतून घागरी दिसायच्या आणि चौकातल्या सगळ्या गावाला मुख्याधिकारी दिसायचे. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत टँकर यायचाच. आता हाच घागर मोर्चा बायपासला न्यायचा म्हटलं तर आधी रिक्षाचे पैसे गोळा करावे लागतील. ज्या बाईची मजुरी एका दाखल्यापायी बुडते, ती दोनदा हेलपाटा कसा घालणार? इमारत गावात आहे म्हणून कारभारावर गावाचा डोळा आहे. तो डोळा किती कोटींना विकायचा, याचं उत्तर कुठल्याच अंदाजपत्रकात नाही.

त्याच हॉलमध्ये 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्रामातल्या म्हाताऱ्या सैनिकांचे सत्कार झाले, मुशायरे झाले, रक्तदान शिबिरं झाली, अंगणवाडी ताईंच्या सभा झाल्या. भाडं जवळपास नाहीच, म्हणून. मंगल कार्यालयाचं एका दिवसाचं भाडं अंगणवाडी ताई कुठून आणणार?

गाळ्यांची बाजू मला कळते. 1999 ला नगरपालिकांची जकात गेली, तेव्हापासून प्रत्येक कामासाठी सरकारी अनुदानाची वाट बघायची. गाळ्यांचं भाडं हक्काचं असतं, आणि कुणाच्या पोराला दुकान मिळालं तर मला आनंदच आहे. पण तळमजला सगळा शटरचा, मध्ये भिंती नाहीत, नुसते कॉलम, आणि वर भरीव मजले, ही रचना भूकंपात सगळ्यांत आधी खचते. 26 जानेवारी 2001 ला भूज हादरलं तेव्हा दूर अहमदाबादेत खाली मोकळं पार्किंग असलेल्या सिमेंटच्याच उंच इमारती कोसळल्या होत्या. जुनी इमारत धोकादायक म्हणून पाडायची आणि तिथं पैशासाठी कच्च्या पायांची नवी उभी करायची, हे मला पटत नाही. गाळे काढा, पण मोजके, मागच्या रस्त्याला, आणि इंजिनिअरकडून भूकंपाचा हिशेब करून घेऊन.

दप्तराबद्दल तर कुणी बोलतच नाही. 2023 मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाडाभर निजामकालीन कागद धुंडाळले गेले. उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं शोधत फिरावं लागलं. आरक्षणाच्या वादात मला इथं शिरायचं नाही, पण एका कागदावर घराण्याचं नशीब अवलंबून असतं, हे त्या वर्षी प्रत्येकाला कळलं. आमच्या टाऊन हॉलच्या मागच्या खोलीत जुन्या कागदांच्या बस्त्यांना वाळवी लागलीय. इमारत हलवताना असे बस्ते टेम्पोत कसे कोंबले जातात, ते सगळ्यांना माहीत आहे. कुदळ पडायच्या आधी प्रत्येक पान स्कॅन झालं पाहिजे आणि यादीवर जबाबदार माणसाची सही पाहिजे.

नवीन इमारत याच चौकात होऊ शकते. मागचं जकात नाक्याचं पडीक गोदाम काढलं तर जागा पुरते. सभागृह तळमजल्यावर, दार चौकाकडं, शेजारी स्वच्छतागृह, कर भरायची खिडकी आणि दाखल्यांचं टेबलही खालीच. समोर काचेची भिंत नको. आमच्याकडं मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो. काच लावायची आणि मग एसीच्या बिलापायी पथदिवे बंद ठेवायचे का? खोल व्हरांडा द्या, जुन्या भिंतींचा दगड त्याला वापरा, आणि गच्चीवरचं पाणी खाली टाकीत घ्या. टँकरच्या पाण्यावर वाढलेल्या गावाच्या नगरपालिकेचं पाणी गटारात जाऊ नये.

येत्या सर्वसाधारण सभेत जागेचा ठराव येतोय. त्याआधी निवेदन द्यायचं आहे. पोस्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात सह्यांचे कागद ठेवलेत. नगरसेविकांना मी स्वतः भेटतेय. ज्यांना गाळे हवेत त्यांनीही रविवारी सकाळी टाऊन हॉलसमोर यावं. त्यांच्याशी बोलूनच मागणीचा शेवटचा मसुदा करू.