रीबूट मारा, बाकी देव बघेल

पंपावरच्या लिनक्सवाल्या यंत्रात सेटिंग सेव्ह केलंत, पडद्यावर हिरवी खूण आली. आता वाट कसली बघताय? मारा रीबूट! फाइलीत लिहायचा आदेश, 'राइट', विनातक्रार परतला म्हणजे डेटा कायमच्या साठवणीत, फ्लॅशवर पोचला, असंच धरून चाला. तो अजून रॅममध्ये, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) पेज कॅश नावाच्या तात्पुरत्या साठ्यात लोळतोय, असं शंकेखोर मंडळी म्हणतील. लिनक्सच्या मूळ सेटिंगनुसार असं पान, म्हणजे डेटाचा तुकडा, 30 सेकंद शिळं झाल्यावर फ्लॅशवर उतरवायच्या यादीत येतं, आणि उतरवणारा कर्नलचा धागा (थ्रेड) दर 5 सेकंदांनी जागा होतो. एवढा दम आपल्याला कुठला?

डेटा आत्ताच फ्लॅशवर उतरवा असं सांगणाऱ्या 'एफसिंक'च्या नादी तर लागूच नका. म्हणे आधी तात्पुरती फाइल लिहा, तिला एफसिंक करा, मग जुन्या नावावर रीनेम करा, वर पुन्हा डिरेक्टरीलाही एफसिंक करा. सत्यनारायण परवडला! त्यापेक्षा जुनी कॉन्फिग फाइल उघडून रिकामी करा आणि तिच्यातच लिहा. मधेच वीज गेली तर फाइल शून्य बाइटची उरू शकते, म्हणजे जागेचीही बचत. 2009 च्या सुमाराला एक्स्ट4 या फाइल सिस्टिमवर अशा रिकाम्या फाइलींवरून मोठी बोंब झाली आणि कर्नलवाल्यांनी रीनेमसाठी नि रिकामी करून पुन्हा लिहिलेल्या फाइलींसाठी थोडी सांभाळून घेणारी सोय केली. ती आहेच की! तुमच्या बोर्डावर एक्स्ट4 नसून युबीआयएफएस ही वेगळीच फाइल सिस्टिम आहे, हा तपशील झाला.

एफसिंकने एरर दिलीच, तर पुन्हा मारा. दुसऱ्यांदा तो बहुधा 'ठीक' म्हणेल. डेटा गेलेला असतो, पण उत्तर गोड येतं. 2018 मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांच्या हे ध्यानात आलं आणि त्यांनी चक्क अशा वेळी डेटाबेस पाडून लॉगमधून, म्हणजे बदलांच्या नोंदवहीतून, सावरायचं ठरवलं. किती हा त्रागा!

रीबूटही झटपट हवा. कर्नलला थेट हुकूम देणाऱ्या सिसआरक्यू-ट्रिगर फाइलीत 'बी' टाका: सिंक नाही, अनमाउंट नाही, थेट रीसेट. त्याआधी 'एस' (सिंक) आणि 'यू' (फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती करणं) टाकायचे असतात, पण ती अक्षरं पाठ कोण करणार? बोर्डावर ईएमएमसी ही साठवणीची चिप असेल, तर तिच्या पोटातही स्वतःची कॅश असते. पण दुसऱ्याच्या पोटात डोकावू नये.

चाचणी मात्र नीट घ्या, ऑफिसात, यूपीएसवर. आणि रानातल्या पंपावरचं यंत्र उठेनासं झालं, लोगोवरच अडकलं, तर शेतकऱ्याला फोनवर सांगा: "दादा, एकदा मेन स्विच बंद करून चालू करा."